आजीला आवडलेला फोटो

बाबा अंतराळस्थानकावरून आजीच्या बेरेझ्की गावाचे फोटो काढून पाठवायचे आणि आजी दर वेळी नाक मुरडायची, "एवढा वर चढलाय, पण माझी झोर्का गाय काही दिसली नाही मेल्याला!"

या रविवारी बाबांचा फोन आला. अंतराळातल्या माणसाला तो खाली उतरेपर्यंत वाईट बातमी द्यायची नाही, अशी आमच्याकडे रीतच आहे. आईने मला डोळ्यांनीच दटावलं. पण शाळेच्या नाटकात मुख्य भूमिका मला उगाच नाही मिळत! मी खणखणीत आवाजात म्हणाले, "बाबा, आजी नव्या फोटोवर जाम खूश आहे! गावभर दाखवत सुटलीये!"




बाबा हळूच म्हणाले, "वार्या, उद्या गावावरून जाताना फोटो काढतो. तिला कुठे पुरलंत, तेवढं सांग."