पुण्याला निघायची तयारी

"बबलू भाकरी थापतोय, नाना! चुलीपुढे बसून!"

पुनानानांनी हातातला कप खाली ठेवला. बातमी आणली होती हेमलताने. ती जमनाअक्काची शेजारीण, त्यामुळे बातमी पक्की. बावीस वर्षांचा गडी पिठात हात घालून बसला होता आणि त्याची आजी, जमनाअक्का, त्याला शिव्या घालत शिकवत होती.

"म्हंजे चालना पोऱ्या," नाना म्हणाले. "बठ्ठा गयात, आते हाऊ बी चालना." सगळे गेले, आता हाही निघाला, असं त्यांच्या मनाने घेतलं.

नानांचं चहाचं दुकान साक्री तालुक्यातल्या त्या डोंगराकडच्या गावात, एस.टी.च्या थांब्यालाच लागून. कोण गेलं, कधी गेलं, सगळं त्यांना तोंडपाठ. तेजस पुण्याला गेला. लोटनचे दोघे नरडाण्याच्या कंपनीत लागले. बबलूचे आईबाप तर तो चौथीत असतानाच सुरतला गेले आणि तिकडचेच झाले. पोराला वाढवलं ते अक्काने.

आता गावात तरणं म्हणावं असं हे एकच पोर. कुणाची मोटर जळाली की बबलू, कुणाला दवाखान्यात न्यायचं की बबलूची गाडी. तो गेला की गावात नुसते खोकणारे उरणार. ते एक वेळ जाऊ द्या, पण अक्का? त्रेसष्ट वर्षांची बाई एकटी राहणार कशी? या विचाराने नानांचं जेवणात लक्ष लागेना.

खरं तर हे सगळं सुरू झालं आखाजीच्या सणाला. जामनेरचा हितेंद्र, ज्याची पुण्यात खानदेशी जेवणाची खानावळ आहे, तो गावात पाहुणा आला होता. अक्काच्या दारात त्याची गाडी दोनदा उभी राहिली. अक्काने पाहुण्यासाठी खापरावर मांडे केले, पाहुण्याने चार हाणले. जाताना ओट्यावरून तो काय बोलला, तेही हेमलताने ऐकलं होतं. "पुण्यात जागा पक्की. खोली मी देतो. धुळ्याच्या स्टँडवर माझा माणूस घ्यायला येईल."

नाना तडक अक्काच्या घरी गेले. अक्का नवा चष्मा लावून कॅलेंडरवरची अक्षरं जुळवत बसली होती.

"चष्मा केला वाटतं? नातू फोनवर नीट दिसावा म्हणून?"

अक्का हसली. "दिसायला तर पाहिजेच ना, नाना."

"अक्का, हे जाणं थांबव. सांग, छातीत दुखतंय. सांग, जीव देईन. पण थांबव!"

"ज्याले जानं शे, त्याले जाऊ द्यावं."

"आणि मागे राहील त्याचं काय?"

"मागे राहणारा मरत नाही, नाना. पोरगा सुरतला गेला तेव्हा मी मेले का?"

बाई दगडाच्या काळजाची, असं मनाशी म्हणत नाना उठले.

बबलू मागच्या गोठ्यावर चढून नवे पत्रे ठोकत होता. बाजूला नवीन घेतलेली म्हैस रवंथ करत उभी. नानांना गलबलून आलं. जाणारा माणूस जाता जाता म्हातारीची केवढी सोय करून ठेवतोय! म्हैस मात्र त्यांना पटली नाही. म्हातारी दूध काढणार की कंबर धरणार?

"कधीची गाडी रे?"

"सोमवार. सकाळची नऊची, धुळ्याची." बबलूने खाली पाहिलंही नाही.

शनिवारी तो दुकानात येऊन तेजसला फोन लावून बसला. नानांनी कान टवकारले. त्या खोलीपासून देऊळ किती लांब? नळाला पाणी किती वाजता? जिने किती? आंघोळीला ऊन पाणी मिळतं का?

"अहाहा!" नाना म्हणाले. "अजून वेशीबाहेर पाय नाही, आणि साहेबांना ऊन पाणी पाहिजे!"

"तिकडे थंडी असते, नाना," बबलू म्हणाला आणि लाजून निघून गेला.

नानांनी मग दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. राग होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. आपणही आता म्हातारे झालो, हे त्यांना त्या दोन दिवसांत पहिल्यांदा कळलं.

सोमवारी अख्खं गाव थांब्यावर. हेमलताने डब्यात शेव दिली. सुकदेवआबांनी नारळ बबलूच्या हातात ठेवला आणि पाठीवर थाप मारली. कुणी म्हणालं, पुण्यात जपून राहा. कुणी म्हणालं, वाईट संगत धरू नको. बबलू सगळ्यांना मान डोलावत होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

शेवटी नानांचा रुसवा विरघळला. त्यांनी बिस्किटांचे दोन पुडे त्याच्या पिशवीत कोंबले. "जा बाबा. पण दिवाळीला तोंड दाखव, नाहीतर तंगडं मोडीन."

गाडी आली. बबलू बॅग आणि बोचकं घेऊन चढला. त्याच्यामागून अक्काही दांडा धरून चढली.

"आजी धुळ्यापर्यंत सोडायला चालली वाटतं," हेमलता म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

बबलूने सामान वर फळीवर ठेवलं, अक्काला खिडकीशी बसवलं, नारळ तिच्या मांडीवर दिला, तिच्या पायांवर डोकं टेकवलं. मग तो खाली उतरला.

"अरे, उतरतोस कशाला? गाडी चालनी!" नाना ओरडले.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी हलली. बबलू तिथेच, नानांच्या शेजारी, हात वर करून उभा. खिडकीतून अक्काने डोकं बाहेर काढलं आणि ती आवाज चढवून म्हणाली,

"नाना, पोऱ्या घर एकला शे. ध्यान ठेवा!"