खांबापासून गाडीपर्यंत

गाडी धडधडत बाबांच्या गॅरेजच्या फाटकातून आत आली. काचेआड लेक दिसली तसा बाबांनी अंगातला कामाचा कोट काढला, भिंतीवरच्या पत्र्याच्या पाटीला अडकवला आणि ते चार पावलांवरच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले.

सात वर्षांनी पोर दारात आली होती, पण बाबा काही पुढे झाले नाहीत.

"इंजिन मिसिंग मारतेय, झटके देतंय," ती म्हणाली.

"ऐकू येतंय. बंद कर. बॉनेट तूच उघड, येतं ना तुला?"

तिचं तोंड एवढंसं झालं. दुरुस्ती काय, वाटेतल्या कुठल्याही गॅरेजात झाली असती. उद्या ती नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती, कायमची. त्याआधी बाबांनी एकदा जवळ घ्यावं, एवढीच आस होती. लग्न त्यांना पसंत नव्हतं. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले होते, आणि तीही त्यांचीच लेक, तिने दाखवलं नव्हतं. याच बाबांना साधा ताप आला म्हणून लहानपणी तिने वार्षिक परीक्षा बुडवली होती.

तिने बॉनेट उघडलं. खांबापासून प्रश्न सुरू झाले, पूर्वीसारखेच.

"किल्ली?"

"खिशात."

"अंगठी?"

ती थबकली. याच अंगठीवरून सगळं बिनसलं होतं. आजच्या दिवशी तरी टोमणा नको होता. पण पाटीवरचा दुसरा नियमच तो. तिने अंगठी काढली, घड्याळ काढलं.

"बॅटरी?"

"काळी वायर सोडवली."

पाटी तिच्यासमोरच रंगवली होती त्यांनी. चार नियम, चारही तिला तोंडपाठ. चौथ्यावर बाबांचा फार जोर असायचा: चालू इंजिनात प्लगच्या वायरीला हात लावू नये.

प्लगची एक वायर चिरलेली निघाली. नवी घेऊन ती मागच्या खोलीतून आली, तर बाबा गाडीपाशी उभे. तिला भरून आलं. वायर बसेपर्यंत ते शेजारी थांबले. तिने बॅटरी जोडली. बाबांचा हात तिच्या डोक्यापर्यंत आला होता, पण ती खाली बघत होती.

"चालू करते हं," ती म्हणाली.

हात मागे गेला. तिने किल्ली फिरवून मान वर केली, तेव्हा बाबा पुन्हा खांबापाशी होते.

इंजिन अगदी सुरळीत चालत होतं. ती काच खाली करून बसून राहिली. मध्ये चार पावलं तर होती.

"बाबा, एकदा थांब म्हणा. उद्याचं जाणं रद्द करते मी."

बाबा गाडीकडे बघत राहिले.

"गाडी छान चाललीय. नीघ आता."

"एवढा राग?"

तिने उतरून बॉनेट आपटलं आणि रडतच गाडी फाटकाबाहेर काढली.

आवाज पार विरला, तेव्हा बाबा चार पावलं पुढे आले. गाडी उभी होती तिथे बराच वेळ थांबले. मग त्यांनी पाटीवरचा कोट काढला.

कोटाखाली, नव्या रंगात, पाचवी ओळ होती: छातीत पेसमेकर बसवलेल्याने चालू इंजिनाजवळ जाऊ नये.