टोपणाचं भोक

"या भोकाचा उपयोग काय?" मालकांनी विचारलं.

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पेनच्या कारखान्यात काका टोपणांना भोकं पाडायचे. टोपण खाचेत बसवायचं, पायानं पेडल दाबायचं, वरून सुई यायची, टोकाला भोक पडायचं. दिवसाला चार हजार. बायकोची औषधं त्यावर, मुलीचं कॉलेज त्यावर. अख्खं घर भोकांवर उभं होतं.

"शाई वाळायला," काका म्हणाले.

"अहो, शाई वाळू नये म्हणून तर टोपण!" मॅनेजर म्हणाला.

"मग... दोरा ओवायला असेल."

मालकांनी निकाल दिला. भोक बंद. बिनभोकाची दहा टोपणं नमुना म्हणून टेबलावर आणा. पसंत पडली की काकांना निरोप.

साच्यातून निघालेली दहा टोपणं घेऊन काका क्षणभर आपल्या स्टुलावर टेकले. मुलीला काय सांगायचं? 'बाळ, तुझ्या बापाचं भोक बंद झालं' असं तर सांगता येत नाही. ते विचार करत राहिले. हात आणि पाय मात्र विचार करत नव्हते. काका भानावर आले तेव्हा दहाच्या दहा टोपणांना भोकं पडली होती.

साचा जेवणासाठी बंद झालेला. वर मॅनेजरच्या हाका. काकांनी टोपणं टोकं खाली करून ट्रेमध्ये उभी केली आणि देवाचं नाव घेतलं.

मालकांनी न बघताच एक उचललं आणि तोंडात टाकलं. ती त्यांची सवयच होती. विचार करायला लागले की टोपण चघळायचे. ऑफिसात दातांच्या खुणा नसलेलं एकही टोपण नव्हतं.

"काकांना निरोपाला काय द्यायचं?" मॅनेजरनं विचारलं.

"पेन!" मालक म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदाला खो खो हसले. टोपण आत गेलं.

चेहरा जांभळा झाला. डोळे बाहेर आले. मॅनेजर पाठीत गुद्दे घालत सुटला. मग मालकांच्या गळ्यातून बारीक शीळ ऐकू आली. श्वास आत जाताना एक सूर, बाहेर येताना दुसरा.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये काका त्यांचा हात धरून बसले होते. ती शीळ ऐकून एकट्या काकांना घाम फुटत होता. शीळ म्हणजे भोक. भोक म्हणजे आता निरोपसुद्धा नाही, सरळ हकालपट्टी.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. चिमट्यात टोपण. त्यांनी ते उजेडात धरलं.

"जगले. या भोकातून हवा जात राहिली. म्हणून तर ठेवतात ते."

मॅनेजर टोपणाकडे बघतच राहिला. "पण नमुने तर बिनभोकाचे होते! कुणी पाडलं हे?"

काका बाकावरून उठले. हात जोडले.

"चुकून झालं, साहेब. परत नाही होणार."