हिच्यासाठी

सुनेला लायसन्स मिळून वर्ष झालं, तरी मुलगा तिला गाडीला हात लावू देईना. "हिला पेट्रोल काय नि डिझेल काय, सगळं सारखंच. गाडीची वाट लावेल," हे त्याचं ठरलेलं पालुपद. सासूबाईंनी कितीदा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी!

आज तिघं गाडीने बाहेर निघाली. कानाला फोन लावूनच मुलाची स्वारी पंपावर उतरली आणि टाकी गच्च भरून आली. पुढच्या चौकापर्यंत गाडीने चार गचके दिले आणि बसकण मारली.

मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "साहेब, डिझेलच्या गाडीत पेट्रोल? अहो, इथे लाल रंगात एवढं मोठं 'फक्त डिझेल' लिहिलंय की!"

"ते मीच लिहिलंय," मुलगा पुटपुटला. "हिच्यासाठी."

सून खिडकीबाहेर बघत ओठ दाबून बसली. टाकी उपसून गाडी पुन्हा सुरू झाली, तशा सासूबाई मागच्या सीटवर जरा सरकल्या.

"बाळा, तू ये इथे माझ्याशेजारी. गाडी तिला चालवू दे, तिला निदान वाचता तरी येतं."