सतरा नंबरचा पत्रा

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि बुडालेल्या गावातली जोती उघडी पडली. सगुणा आणि तिचा नवरा धोंडू तीन दिवस आपलं जोतं उकरत होते. उद्याच्या सुनावणीत घराचा पुरावा दाखवला नाही, तर पुनर्वसनाची जमीन कायमची हातची जाणार होती.

अखेर चिखलात घरनंबराचा पत्रा लागला. सगुणानं तो पदरानं पुसला. त्यावर सतरा होतं. तो शेजारच्या हौसाक्काचा होता. यांचं घर अठरा नंबरचं.

"रंग लावून अठरा करू. कोण बघतंय?" धोंडू म्हणाला.

"अहो, आक्काबी उद्या तिथं रिकाम्या हातानंच उभी राहणार," म्हणत सगुणा हमसून रडायला लागली.

धोंडूनं फावडं खाली ठेवलं. मग त्यानं तिच्या हातातला पत्रा घेऊन सायकलला बांधला.

"तू उकरत राहा. मी आक्काला देऊन येतो."