उजवीकडची खोली

बाबा उजवीकडच्या खोलीत शिरले आणि त्यांची लेक रेडिओ जिन्याच्या वरच्या पायरीवर खिळून उभी राहिली. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा डावीकडे होती. उजवीकडची खोली त्यांच्या घरच्यांसाठी होती; दारांवर तशा पाट्याही होत्या.

शाळेत तिला सगळे रेडिओच म्हणत. प्रार्थना संपली की तिचं तोंड जे सुरू होई, ते सुटीच्या घंटेपर्यंत. हे ठिकाणही तिनेच फोनवर बोलून बोलून शोधलं होतं. पहिला नंबर बंद. दुसरा टायरच्या दुकानात लागला. तिथल्या काकांनी सगळी कर्मकहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि मग सांगितलं की बाळ, आमच्याकडे फक्त टायर मिळतात. तिसऱ्या नंबरवरच्या बाईंनी मात्र नीट समजावलं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, वाचनालयाचा वरचा मजला, समोरासमोर दोन खोल्या. वडिलांना डावीकडे पाठव, तू उजवीकडे ये.

बाबांना तयार करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. आईने केव्हाच हात टेकले होते. याही वेळी काही झालं नाही तर परीक्षेनंतर ती रेडिओला घेऊन कायमची मामाकडे जाणार होती. शेवटी बाबा एवढंच म्हणाले होते, की एक तास येतो, मग हा विषय बंद.

आता त्यांना हाताला धरून डावीकडे न्यावं, तर ते तसेच जिना उतरून घरी जातील. रेडिओ मुकाट्याने आत गेली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मनात म्हणाली, काय पण हुशारी! चोराने जाऊन फिर्यादींच्या बाकावर बसावं तसं.

बाबा कवळ्या बनवायचे. निम्म्या शहराच्या तोंडात त्यांनी घडवलेले दात होते. पण हल्ली सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय मेण कोरायची सुरी त्यांच्या हातात स्थिर राहत नसे. आत्ताही त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

खोलीत आठ-नऊ माणसं होती. रीत साधी होती. ज्याची पाळी, त्याने आधी घरात कोण पितं ते सांगायचं आणि मग मनातलं बोलायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही, अरेरेसुद्धा करायचं नाही.

एका नर्सचा नवरा प्यायचा. वॉर्डातले तीस पेशंट ती एकटी सांभाळते, पण घरची बेल वाजली की तिला दार उघडायला उठवत नाही. मग एक आजोबा बोलले. त्यांचा मुलगा पितो. तो आंघोळीला गेला की ते दाराबाहेर उभे राहून पाण्याचा आवाज ऐकतात, पडला तर कळावं म्हणून. भाजी कशी मिळाली ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात त्यांनी हे सांगितलं.

असलं काही जगात फक्त आपल्याच घरात चालतं, असं रेडिओला आजवर वाटत होतं. आणि ही अनोळखी माणसं तर तिच्याच घरातलं सांगत होती, जणू आतल्या खोलीत राहून गेली होती. रडारड नाही, लपवाछपवी नाही. एवढं मोठं धाडस इतक्या हळू आवाजात करता येतं?

तिची पाळी आली. या सभेचा हट्ट सोडला तर घरी वर्षभर ती बाबांशी 'हो', 'नाही' आणि 'जेवायला वाढलंय' याच्या पलीकडे बोलली नव्हती.

"माझे बाबा पितात," ती म्हणाली. छत कोसळलं नाही. मग तिच्याच्याने थांबवेना. "मैत्रिणींना मी सांगते, ते बाहेरगावी असतात. गेल्या महिन्यात वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाचं पत्र मी त्यांना दाखवलंच नाही. कारण ते आले असते."

शेजारी बघायची तिची हिंमत झाली नाही. तिने समोर पाहिलं. सगळी माणसं ऐकत होती. कोणी घड्याळ बघत नव्हतं, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. एवढ्या सभा गाजवल्या, पण असं ऐकणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

सभा चालवणाऱ्या बाई बाबांकडे वळल्या. फोनवरचा तोच मऊ आवाज. "दादा, तुमच्या घरी कोण पितं?"

बाबांनी मांड्यांखालचे हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. हात थरथरत होते. त्यांनी ते थरथरू दिले.

"मी."

कोणी चमकलं नाही. आजोबांनी फक्त मान हलवली. बाई म्हणाल्या, "मग दादा, तुमची खोली समोरची. चुकून इकडे आलात."

बाबा उठले. त्यांचे डोळे लाल होते, पण आज पहिल्यांदाच ते दारूने नव्हते.

"चुकून नाही, ताई. दारावर लिहिलेलं वाचलं मी. आता जातोच तिकडे." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "पण हिचं मनातलं तिकडे मला ऐकायला मिळालं नसतं."