काळ्या पेटीतलं शेवटचं मिनिट

टिपणीस सरांनी उड्डाणाआधी काळ्या पेटीचे हेडफोन कानाला लावले. पेटी त्यांनीच बनवलेली. विमानाचा घात होणार असेल, तर त्यातलं शेवटचं मिनिट ती आधीच ऐकवायची. उड्डाण रद्द केलं की गप्प बसायची.

आज पेटी खरखरली. सरांनी तडक प्रवासी उतरवले, विमान हँगरमध्ये ओढून आणवलं आणि खात्रीसाठी पुन्हा हेडफोन लावले.

पेटी गप्प नव्हती. इंजिनाची घरघर नाही, वारा नाही. नुसते थेंब ठिबकत होते. मग मेकॅनिक मंदाकिनीचा आवाज आला. इंजिनांपाशी राबून तिचे कान कधीच गेले होते. "सुटलो बाई एकदाचे! थांबा सर, दिवा लावते." त्यावर सरांचाच आवाज ओरडला, "दिवा नको!" आणि स्फोट झाला.

सरांनी दचकून वर पाहिलं. पंखाखाली इंधन ठिबकत होतं.

"सुटलो बाई एकदाचे!" पलीकडून मंदाकिनी म्हणाली. "थांबा सर, दिवा लावते."

ओरडून भागत नाही, हे सरांनी आत्ताच ऐकलं होतं. ब्याऐंशी वर्षांचे गुडघे विसरून ते धावत सुटले.